दुप्पट

"फरक काही नाही, मॅडम," मास्तरीण म्हणाली आणि नळाखाली धरलेली बाटली भरत आली का तेवढंच पाहत उभी राहिली. चहात साखर कमी आहे हे सांगावं तितक्या साध्या आवाजात तिनं ते सांगितलं. भिंगरीच्या हातात कप होता. तो पडला नाही, हिंदकळलाही नाही, फक्त त्याचा कान बोटांना एकाएकी जाड लागायला लागला. फरक नाही म्हणजे किती नाही, असं तिनं विचारलं. मास्तरणीनं झाकण फिरवून घट्ट केलं आणि सांगितलं, की जुना प्रोग्राम आणि नवा एकमेकांशी भरपूर डाव खेळले, बरोबर निम्मे गुण याला आणि निम्मे त्याला. तुमच्या बदलानं काही बिघडलेलं नाही, पण जोरही वाढलेला नाही. एवढं बोलून ती आपल्या खोलीकडे गेली. ऑफिसात तिला मास्तरीण म्हणत ते याचसाठी. प्रत्येकाच्या कामाला गुण देणं हेच तिचं काम होतं, आणि गुण देताना ती कुणाच्या तोंडाकडे बघत नसे.

भिंगरी आपल्या जागेवर येऊन बसली. भिंगरी हे तिचं घरचं नाव, दादानं ठेवलेलं. ऑफिसच्या दारावर तिचं दुसरं, भारदस्त नाव होतं, पण स्वतःशी बोलताना पन्नाशी उलटली तरी ती भिंगरीच होती. तिथं सगळे मिळून एक बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम तयार करत. पुष्कळ वर्षं करत होते आणि तो पुष्कळ वर्षं सुधारत होता, एखाद्या घरातला मुलगा कुणाच्याही लक्षात न येता उंच होत जावा तसा. त्याला पटावरची चांगली मांडणी कोणती आणि वाईट कोणती हे शिकवण्याचं काम उस्तादाचं. उस्ताद स्वतः नामांकित खेळाडू होता. भिंगरीचं काम एकच, त्याला पळवणं. एका सेकंदात तो जितक्या मांडण्या तपासतो त्याहून जास्त तपासायला लावणं. हे सरलेलं वर्ष तिनं त्यातच घातलं होतं. यंत्र जी माहिती आणायला दरवेळी लांबच्या कपाटापर्यंत हेलपाटे घालत होतं, ती तिनं हाताशी आणून ठेवली, मिठाचा डबा शेगडीजवळ ठेवावा तशी. तेच ते दोनदा विचारलेले प्रश्न तिनं शोधून काढले. आणि परवा तिनं पाहिलं की वेग दुप्पट झाला. दीडपट नाही, पावणेदोनपट नाही, दुप्पट. त्या दिवशी ती जिना दोन-दोन पायऱ्या गाळत उतरली, आणि घरी जाऊन, दादाच्या जेवणाच्या टेबलापाशी उभ्याउभ्याच तिनं सांगून टाकलं. दादा, दुप्पट केला. वहिनींनी विचारलं, काय दुप्पट केलं, पगार का? दादानं चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाला, "बरं. मग खेळतो कसा ते कळव." आज संध्याकाळी साहेब नवी आवृत्ती पक्की करणार होते. जे सिद्ध झालं ते आत जाणार, जे झालं नाही ते बाहेर राहणार. साहेबांचं एक बरं होतं, त्यांना बढाईही कळत नसे आणि रडगाणंही.

दादाला काय कळवायचं, हे तिच्या मनात पहिल्यांदा आलं आणि साहेबांना काय सांगायचं हे मागून. हे तिचं तिलाच खटकलं. एवढ्या वयाची बाई, हाताखाली माणसं, आणि धाकधूक कसली तर मोठा भाऊ काय म्हणेल याची. पण बुद्धिबळ तिला दादानंच शिकवलं होतं. तो तिच्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, छापखान्यात मुद्रितं तपासायचा, एकेका अक्षरावर पेन्सिलीचं टोक टेकवत. त्याची चाल तशी, जेवणं तसं, खेळणंही तसंच. स्पर्धांना जायचा, वरच्या पाचांत यायचा, आणि बक्षिसाचा पेला कुणी दुसराच घेऊन जायचा. त्याबद्दल तो कधी बोलला नाही. खेळ खेळण्यासाठी असतो, म्हणायचा. ती मात्र पट मांडला रे मांडला की सुटायची. त्यानं खेळी करून हात मागे घ्यायच्या आत तिचा घोडा उडालेला असायचा. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असं तो म्हणे, आणि ती म्हणे, मी नवरी आहे. पुढे आयुष्यात सगळ्या गोष्टींची घाई करून तिनं लग्नाची तेवढी केली नाही आणि ते राहूनच गेलं. त्याचं तिला वाईट वाटायला जरा उशीर झाला आणि मग तेही राहून गेलं. पण वेगाबद्दल तिला कधी लाज वाटली नाही. शाळेत वर्गाआधी गणित सुटायचं, बाजारातून सगळ्यांआधी परत यायची, आणि जी बोलणी सगळे तिला द्यायचे, की बाई जरा दम धर, ती तिला कौतुकासारखीच ऐकू यायची. हळू माणसांना आपला संथपणा म्हणजे खोली वाटते, असं तिचं पक्कं मत होतं. विहीर खोल असली म्हणून पाणी गोड असतंच असं नाही.

समोरच्या पडद्यावर आकडे होते. तिनं ते नीट वाचले नाहीत. अपमान झालेला माणूस चिठ्ठी पुन्हा वाचत नाही, तिचा अर्थच तेवढा पुन्हा पुन्हा वाचतो. तिला आठवलं ते सुरुवातीचं यंत्र, ज्याच्या आवाजानं टेबल थरथरायचं. प्रोग्रामला एक खेळी विचारायची, जेवायला जायचं, जेवून यायचं, आणि तोवर त्यानं एक घोडचूक शोधून ठेवलेली असायची. शाळकरी पोरं त्याला हरवायची. मग नवं यंत्र आलं, दुप्पट वेगाचं, आणि तोच प्रोग्राम, एक अक्षर न बदललेला, त्या पोरांना हरवायला लागला. ती सकाळ तिच्या अंगात अजून होती. तिनं काही शिकवलं नव्हतं, कुणीच काही शिकवलं नव्हतं, फक्त त्याला पुढचं थोडं जास्त दिसायला लागलं होतं. माझी खेळी, मग तुझी, मग माझी; आणखी एक खेळी पुढे बघायची तर काम कितीतरी पटींनी वाढतं, कारण प्रत्येक फांदीला नव्या फांद्या फुटतात. म्हणून वेग दुप्पट झाला तरी एक अख्खी खेळी काही हाती लागत नाही, तिचा तुकडा लागतो. पण त्या काळी तो तुकडासुद्धा केवढा मोठा होता! दुप्पट झालं की शाळकरी पोर पडायचं, पुन्हा दुप्पट झालं की त्याचा मास्तर पडायचा, पुन्हा झालं की गावातला नंबर एक. दर वेळी ती मनातल्या मनात एक पायरी चढायची. उस्ताद पुढे आला तो या जिन्यावर खालून चढून आला नव्हता, तो थेट वरच्या मजल्यावर आला होता, म्हणून त्याला पायऱ्यांची किंमत नव्हती. पहिल्याच महिन्यात तो म्हणाला होता, "बाई, आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? तुम्ही नुसता पोहरा जोरात सोडता." आणि तिनं ताडकन म्हटलं होतं, "आडात आहे हो उस्ताद. दोर कमी पडतोय. मी दोर लांब करते." सगळे हसले, उस्तादही हसला, पण तेव्हापासून त्या दोघांत एक गोड वैर होतं, आणि त्या वैरावर तिचे दिवस मोठे छान जात.

आणि आता फरक काही नाही. कदाचित दोर तळाला टेकला असेल. हे तिला माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत होतं, की जसजसा खेळ वर जातो तसतशी दुप्पट वेगाची किंमत घसरते. आंधळ्याला एक डोळा दिला तर तो नाचतो. दोन डोळे असलेल्याला दुर्बीण दिली तर तो म्हणतो, छान आहे. घसरते हे तिनं स्वतःच सगळ्यांना समजावलं होतं, थोड्या ऐटीतच. पण घसरत घसरत शून्यावर आली? आणि ती नेमकी माझ्याच दुप्पटीला यायची होती? तिला वाटलं, आपण आयुष्यभर एका गाडीला धक्का देत होतो, आणि गाडी केव्हाच मुक्कामाला पोचली आहे, आपण भिंत ढकलतो आहोत, आणि लोक सभ्यपणे बघताहेत. समोरून उस्ताद जात होता. त्यानं मान हलवली, नेहमीसारखीच, पण तिला ती मान सांत्वनाची वाटली, आणि सांत्वन तिला मुळीच सोसत नसे. ती उठली आणि जेवणाची वेळ झालेली नसतानाच बाहेर पडली.

रस्त्यावर ऊन होतं आणि माणसं होती. भिंगरी चालायला लागली की समोरच्या पाठी आपोआप मागे पडत. ती कुणाला धक्का देत नसे, तिला फटी दिसत. औषधांची पिशवी घेतलेल्या बाई मागे पडल्या, भिंतीला रंग देऊन आलेले दोघे मागे पडले, बगलेत फाइल धरून ढिम्म चालणारा एक जाडा गृहस्थ मागे पडला. प्रत्येक पाठ मागे टाकताना तिला लहानसं समाधान मिळे. हे तिनं कुणाला सांगितलेलं नव्हतं, पण मिळे. मग चौक आला आणि दिवा लाल झाला. ती कडेला थांबली. गाड्या जाऊ लागल्या. समोरच्या दुकानाच्या काचेत तिला स्वतःचं प्रतिबिंब दिसत होतं, रागावलेलं, केस उडालेले. तिनं पाहिलं, की शेजारी औषधांची पिशवी येऊन उभी राहिली आहे. मग रंगवाले आले. शेवटी तो जाडा गृहस्थ आला आणि तिच्या खांद्याला खांदा लावून, जराही धाप न लागता, उभा राहिला. दिवा अजून लालच होता. त्यानं फाइल एका बगलेतून दुसऱ्या बगलेत घेतली. तिला हसूच आलं. एवढी धावले, आणि उभी कुठे आहे तर या गृहस्थांच्या शेजारी. आणि तेवढ्यात दादाचा आवाज तिच्या कानात आला, आज नव्हे, ती फ्रॉक घालत होती तेव्हाचा. त्यानं पहिल्यांदा घड्याळ लावून तिला खेळवलं होतं, दोघांना अर्धा-अर्धा तास. ती हरली तेव्हा तिच्या बाजूचा काटा जेमतेम हललेला होता. तिला वाटलं, दादा म्हणेल, केवढी लवकर खेळलीस. दादा म्हणाला होता, "उरलेल्या वेळात काय केलंस?" तिनं काही केलं नव्हतं. खिडकीबाहेर बघत बसली होती. भावानं मारलं असतं तरी ती एवढी रडली नसती.

दिवा हिरवा झाला. सगळे गेले. भिंगरी मात्र तिथंच उभी राहिली, आणि मागून येणाऱ्यांना तिच्या दोन्ही बाजूंनी वाट काढावी लागली. उरलेल्या वेळात काय केलं नव्या प्रोग्रामनं? बरोबर निम्मे, मास्तरीण म्हणाली होती. बरोबर. जराही इकडे नाही, तिकडे नाही. दोन सख्खे भाऊ खेळले तरी इतकी तंतोतंत बरोबरी होत नाही. एखादा डाव शिंकेनंसुद्धा इकडचा तिकडे होतो. इतकं तंतोतंत फक्त आरशातच असतं. हे सकाळीच दिसायला हवं होतं, पण सकाळी ती आकडे बघत नव्हती, तोंड लपवत होती. ती वळली आणि परत निघाली, आणि या खेपेला तिनं कुणाची पाठ मोजली नाही.

मास्तरणीच्या खोलीचं दार उघडंच होतं. भिंगरीनं धाप लागलेली दिसू नये म्हणून चौकटीला हात लावून विचारलं, "अगं, दोघांना मोजून काय दिलं होतंस? वेळ, की मांडण्या?"

"मांडण्या," मास्तरीण म्हणाली. "नेहमी तेच देते. वेळेचा भरवसा नाही, मॅडम. यंत्रावर दुसरं काम चाललं की घड्याळ खोटं बोलतं. मांडण्या खोटं बोलत नाहीत."

ती म्हणत होती ते खरंच होतं. उस्तादाच्या शिकवणीची परीक्षा घ्यायची तर हीच रीत चोख. दोघांना सारख्या संख्येनं मांडण्या पाहू द्यायच्या आणि कोण जास्त शहाणपणानं बघतो ते पाहायचं. मास्तरणीनं ती वर्षानुवर्षं वापरली होती आणि ती हाताला इतकी बसली होती, की आज परीक्षेला शहाणपण नाही, पाय आले आहेत, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. शर्यतीत तिनं दोघांना सारखी पावलं मोजून दिली होती. भिंगरीचा प्रोग्राम आपली पावलं अर्ध्या वेळात टाकून मोकळा होत होता, आणि उरलेला वेळ खिडकीबाहेर बघत बसत होता. एरवी दोघे एकच, म्हणून खेळीही एकच, आणि पांढरी-काळी बाजू आलटूनपालटून, म्हणून निम्मे-निम्मे. मास्तरीण डोळे मिटून क्षणभर बसली. मग स्वतःच्या कपाळावर तिनं बोटांनी हलकंसं टकटक केलं, दार ठोठावावं तसं. भिंगरीला तिच्यावर रागावायचं होतं, तेवढा हक्क तिचा नक्की होता. पण तिला आठवला तो अर्धा तास, ज्यातला जेमतेम काही तिनं वापरला होता, आणि राग जमेना. आता वेळ दे, ती म्हणाली, दोघांना सारखा, आणि बाकीची सगळी कामं यंत्रावरून उतरव.

दुपारभर डाव चालले. आधी झटपट डाव लावले, जिथं विचाराला श्वासाइतकाच वेळ. तिथं नव्यानं जुन्याला धूळ चारली. मास्तरणीच्या खोलीत एकेक जण काही ना काही निमित्तानं डोकावून गेला. मग लांब डाव लागले, जिथं जुन्यालाही भरपूर पुढचं दिसतं. तिथं सगळं संथ झालं. बरोबरी, बरोबरी, बरोबरी. एक नव्यानं जिंकला. पुन्हा बरोबऱ्यांची रांग. एक जुन्यानं मारला आणि भिंगरीनं खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग नव्यानं दोन. उस्ताद येऊन तिच्या खुर्चीमागे उभा राहिला होता. पडद्यावर एका डावात नव्यानं वजीर मधून काढून एका कोपऱ्यात नेला होता, आणि कुणाला काही अर्थ लागत नव्हता, उस्तादालाही. पुष्कळ खेळ्यांनंतर तोच वजीर तिथं असल्यामुळे जुन्याच्या राजाला पळायला घर उरलं नाही. "हे मी शिकवलेलं नाही," उस्ताद सावकाश म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. भिंगरी म्हणाली, नाही, शिकवलेलं तुमचंच आहे, त्याला एवढ्या लांबवर जाऊन ते आठवायला सवड मिळाली. हे बोलताना तिला स्वतःचाच आवाज मोठा ऐकू आला. अभिमान, दुसरं काय! वर्षभराचा, आणि त्याच्याही मागचा, थरथरत्या टेबलापर्यंतचा. सावकाशीनं विचार करतो तो खोल, असं जग म्हणतं. आणि तिनं जन्मभर दुसरीच गोष्ट सिद्ध केली होती, की ज्याचे हात लवकर चालतात त्याच्यापाशीच विचाराला वेळ शिल्लक राहतो. मात्र तो वेळ वापरावा लागतो. हा दुसरा भाग तिला आज सिग्नलला उभं राहून कळला होता, आणि दादाला तो कधीपासून माहीत होता, हेही तिनं मनातल्या मनात मान्य करून टाकलं.

संध्याकाळी साहेबांनी गुण पाहिले. लांब डावांत, शंभरांमागे तीन-चार गुणांची आघाडी. ते म्हणाले, आत घ्या. कौतुक नाही, हस्तांदोलन नाही. मास्तरणीनं स्वतःहून सांगितलं की सकाळची चूक तिची होती. साहेब म्हणाले, बरं, आणि दिवा मालवून गेले. खाली उतरताना भिंगरीनं जिन्याची प्रत्येक पायरी घेतली. पुढची दुप्पट आली की याहूनही कमी मिळेल, हे तिला स्पष्ट दिसत होतं. त्याच्या पुढची आली की आणखी कमी, आणि बरोबऱ्या एवढ्या वाढतील की जिंकलेला डाव दिवा घेऊन शोधावा लागेल. ते तिला खुपलं नाही. डोंगर चढणाऱ्याची पावलं माथ्याजवळ लहानच पडतात, आणि त्याला तिथं कुणी आळशी म्हणत नाही. तिची मान ताठ होती. फाटकातल्या पहारेकऱ्यानं विचारलंही, काय मॅडम, आज काय विशेष? ती म्हणाली, विशेष काही नाही, तीन-चार गुण. आणि त्याला काही कळलं नाही म्हणून ती आणखी खूश झाली.

दादा तिच्या वरच्या मजल्यावर राहत असे. अलीकडे त्याचे हात कापत, आणि पटावरचं प्यादं हलवताना शेजारचं पडे, तेव्हा वहिनी ते न बोलता उभं करीत. भिंगरी गेली तेव्हा तो खिडकीपाशी बसला होता, पट पुढ्यात, पण खेळत नव्हता. ती या वेळी खुर्चीवर बसली आणि मग बोलली. सगळं सांगितलं, सकाळचा धक्का, मांडण्यांचा घोळ, कोपऱ्यातला वजीर. तो ऐकत होता, मुद्रितं तपासायचा तसा, एकेका शब्दावर थांबून.

"मग एकंदर किती जास्त?" त्यानं विचारलं.

"लांब डावांत? शंभरांत तीन-चार गुण."

वहिनी आतून चहा घेऊन येत होत्या. त्या तिची थट्टा करायला कधी चुकत नसत, आणि आताही चुकल्या नाहीत. म्हणाल्या, अगं बाई, वर्षभर खपलीस ती एवढ्याशासाठी? भिंगरीनं उत्तर तयारच ठेवलं होतं, वाटेत दोनदा घोकलेलं, डोंगराचं आणि माथ्याचं. पण तिच्या आधी दादाच बोलला, आणि तो कुणाच्याही आधी बोललेला तिला आठवत नव्हता.

"एवढंसं म्हणू नकोस," तो वहिनींना म्हणाला. पटावरच्या राजाला त्यानं बोट लावलं. बोट कापत होतं, राजा पडला नाही. "तीनदा माझं पहिलं बक्षीस गेलं, ते अर्ध्या-अर्ध्या गुणानं गेलं. कधी सांगितलं नाही मी. जन्मभर मला तेवढंच कमी पडलं." मग तो भिंगरीकडे वळला. "ते हिनं मिळवलं."

वहिनी कप हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. भिंगरीनं त्यांच्या हातातला एक कप घेतला, आणि घोकलेलं उत्तर द्यायची तिला घाईही वाटली नाही. तिला इतका अभिमान वाटत होता, की तो स्वतःचा किती आणि दादाचा किती, हे तिला वेगळं काढता येईना.